कोपऱ्यातली बाई

१

तीस वर्षं मी लोकांच्या गच्च्यांवर चढून डिश बसवल्या. दुकान बंद केलं, गुडघे कुरकुरायला लागले, तरी सिग्नल मोजायचं छोटं यंत्र सुटकेसमध्ये टाकल्याशिवाय मी गाव सोडत नाही. परदेशी निघताना बायकोने ते दोनदा बाहेर काढून ठेवलं आणि मी तीनदा आत ठेवलं. त्यात मी जिंकलो, याचा तेव्हा मला आनंद झाला होता.

ही सहल थोरल्या मुलाने घडवून आणली. त्याला स्वतःला रजा मिळाली नाही, पण आम्हा दोघांसाठी आणि धाकटीसाठी त्याने आठ दिवसांचा फ्लॅट घेऊन ठेवला होता. तिसरा मजला, दोन खोल्या, हॉल, एक अरुंद बाल्कनी. किल्ली द्यायला आलेल्या बाईने सगळं दाखवलं आणि जाताना सांगितलं की इंटरनेट बंद आहे, दुरुस्तीचा माणूस पुढच्या आठवड्यात येईल. म्हणजे आम्ही गेल्यावर.

बायकोचा चेहरा पडला तो तिच्या मालिकेसाठी. धाकटीचा पडला त्याचं कारण मोठं होतं.

आमच्या धाकटीला जन्मापासून ऐकू येत नाही. चोवीस वर्षांची आहे, नकाशे काढायच्या कचेरीत काम करते, आणि ह्या सुट्टीनंतर ती बदली घेऊन दुसऱ्या शहरात एकटी राहायला जाणार होती. तिची खरी भाषा हातांची, शाळेत शिकलेली. मैत्रिणींशी ती रोज फोनच्या पडद्यावर समोरासमोर तासतासभर बोलते. इंटरनेट नाही म्हणजे तिला बोलायला माणूसच नाही. आम्ही दोघं होतो म्हणा, पण आमच्या खुणा घरगुती. जेवलीस का, झोप, कुठे चाललीस, छत्री घे. त्यापलीकडचं ती आमच्या ओठांवरून वाचते, नाहीतर फोनवर टाइप करून दाखवते. शाळेतल्या बाईंनी ती लहान असताना सांगितलं होतं, आईबाबांनीही शिकून घ्या. शिकू म्हणता म्हणता वीस वर्षं गेली.

बाल्कनीत एक जुनी डिश होती आणि टीव्हीखाली एक बॉक्स, फुकटची चॅनेलं पकडणारा. असले मी शेकड्यांनी बसवलेत. पोचल्यानंतरच्या पहिल्याच सकाळी मी पाना शोधून काढला आणि कामाला लागलो.

आपल्याकडचा उपग्रह तिथून आकाशात फार खाली, जवळपास जमिनीला टेकलेला मिळायला हवा. आणि नेमकी त्याच बाजूला समोरची इमारत. पाच मजली, आमच्याकडे पाठ करून उभी, एकही खिडकी नसलेली भिंत. म्हणजे काही मिळणार नाही, हे मला डिशला हात लावायच्या आधीच माहीत होतं. तरी लावला. रिकामं बसून करायचं काय?

अर्धा तास डिश बोटबोटभर सरकवली. यंत्र गप्प. कंटाळून मी डिशचं तोंड सरळ त्या भिंतीकडे करून सोडून दिलं आणि हात पुसत आत आलो, तर टीव्हीवर आपल्याकडच्या बातम्या लागलेल्या. स्वच्छ चित्र, स्वच्छ आवाज, आपल्या भाषेत.

"तुम्ही चंद्रावर गेलात तरी आधी डिशच लावाल," बायको म्हणाली, आणि सोफ्यावर पाय घेऊन बसली.

मी रिमोट घेऊन बॉक्सची माहिती उघडली. सिग्नलची ताकद शून्य. दर्जा शून्य. चित्र मात्र दिसत होतं. बॉक्स जुना आहे, आकडे चुकत असतील, असं मी मनात म्हटलं. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, हेही मनात म्हटलं, पण जरा हळू.

२

दुसरं कुठलंच चॅनेल लागलं नाही. हे एकच, आणि तेही सकाळी साडेआठला अर्धा तास, म्हणजे आपल्याकडच्या दुपारच्या बातम्यांच्या वेळेला. बाकी दिवसभर काळा पडदा. मालिका नाही म्हटल्यावर बायकोने त्यातून अंग काढून घेतलं.

धाकटी मात्र दुसऱ्या सकाळी बातम्या लागताच येऊन बसली. कारण पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट होती आणि त्यात एक बाई हातांनी बातम्या सांगत होती. चाळिशीची, केस मागे बांधलेले, अंगात करडं जाकीट. निवेदिका मधोमध धरणांच्या पाण्याबद्दल बोलत होती. मी ऐकत होतो, धाकटी बघत होती, आणि मला बरं वाटत होतं की आपल्या हातून पोरीसाठी काहीतरी झालं.

मग धाकटी एकदम उठून स्वयंपाकघरात धावली.

मी मागोमाग गेलो. गॅसवर दूध पातेल्याच्या काठाशी आलं होतं. तिने बटण फिरवलं. बायको आंघोळीला गेली होती आणि दुधाचं आम्हा दोघांनाही काही माहीत नव्हतं.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं. ऐकू तर येत नाही, आणि स्वयंपाकघर हॉलमधून दिसत नाही.

ती हसत होती. फोनवर टाइप करून तिने माझ्यासमोर धरलं. 'ती बाई म्हणाली, दूध उतू चाललंय.'

"बातमी असेल दुधाची."

तिने मान हलवली. निवेदिका काय बोलत होती ते मला विचारलं. मी सांगितलं, धरणं. तिने लिहिलं, 'ती धरणांचं काही सांगत नाहीये. ती बातम्याच सांगत नाहीये.'

आम्ही दोघं परत येऊन बसलो. निवेदिका आता रस्त्यांबद्दल बोलत होती. कोपऱ्यातली बाई हात हलवत होती, थांबत होती, कुठेतरी बघत होती, मान डोलवत होती, परत हात हलवत होती. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण बातम्या सांगणारं माणूस मधेच थांबून मान डोलवत नाही, एवढं मलाही कळतं.

३

त्या दिवशी आम्ही शहर बघायला बाहेर पडलो. बायको दुकानांच्या काचांसमोर रेंगाळत होती. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात इंटरनेट मिळालं तसं धाकटी मैत्रिणींशी बोलायला एका टेबलावर बसली आणि मी माझ्या जुन्या भागीदाराला फोन लावला. त्याच्याकडे अजून दुकान आहे, आणि दुकानात टीव्ही बारा तास चालू असतो.

"उद्या दुपारच्या बातम्या बघ," मी म्हटलं. "कोपऱ्यात खुणा करणारी बाई असते ती कोण, एवढं सांग. नाव येत असेल खाली."

"सहलीला गेलायस की सर्व्हे करायला?" तो म्हणाला, पण बघतो म्हणाला.

तिसऱ्या सकाळी मी वही आणि पेन घेऊन धाकटीशेजारी बसलो. तिला सांगितलं, ती बाई जे म्हणेल ते सगळं जसंच्या तसं लिही. धाकटीला काम आवडतं. मान वर, हात कागदावर, असं तिने अर्धा तास लिहिलं. ते पान माझ्याकडे अजून आहे. त्यातलं थोडं असं:

'झोप झाली का? — बरं. — किती जण आहेत? — तिघं. — मोठ्याने बोलतात का ते? — मग तुला काय त्रास आहे. — नाही, आज नाही सांगता येणार. — मुलगी कशी आहे? — असं का वाटतं तुला? — जवळ जाऊ नकोस. — नुसतं बघ. — हो, मी आहे. मी कुठे जातेय.'

जिथे रेघा आहेत तिथे ती बाई थांबली होती. शेजारी फोनवर कोणी बोलत असलं की आपल्याला एकाच बाजूचं ऐकू येतं, तसं ते पान होतं.

धाकटीने दुधाचा विषय परत काढला. लिहिलं, 'काल माझं चुकलं. प्रश्न विचारताना आम्ही भुवया उचलतो. तिने उचलल्या होत्या, मी घाईत बघितलं नाही. ती म्हणाली होती, दूध उतू चाललंय? मग त्यांना सांग ना.'

मी ते दोनदा वाचलं.

म्हणजे दुधाचं त्या बाईने सांगितलं नव्हतं. त्या बाईला ते कोणीतरी सांगितलं होतं.

दुपारी कॉफीच्या दुकानात बसलो असताना भागीदाराचा फोन आला. "बातम्या बघितल्या," तो म्हणाला. "काल धरणं आणि रस्ते झाले, आज शाळांच्या पुस्तकांचं होतं. बरोबर?"

"बरोबर."

"कोपऱ्यात कोणी नाही रे. ह्या चॅनेलवर खुणांची चौकटच नसते. सगळा पडदा निवेदिकेचा."

४

आता मी घाबरलो असेन असं वाटेल, पण खरं सांगतो, त्या दोन दिवसांत मला भीतीपेक्षा उत्सुकताच जास्त होती. बिघाड कुठे आहे ते सापडेपर्यंत माणसाला चैन पडत नाही, हा धंद्याचा गुण. मी मनाशी कारणं मांडत होतो. दुसऱ्या कुठल्यातरी चॅनेलची चौकट ह्याच्यावर चढली असेल. भिंतीवरून सिग्नल उलटून येत असेल. दूध म्हणजे योगायोग. ती बाई एखाद्या कार्यक्रमात कोणाची मुलाखत घेत असेल आणि तिघांचं कुटुंब काय आम्ही एकटेच आहोत?

धाकटीने मात्र वेगळं काही केलं. चौथ्या सकाळी बातम्या लागल्या तशी ती पडद्यासमोर उभी राहिली आणि त्या बाईशी बोलायला लागली. नाव सांगितलं, विचारलं, तुम्ही कोणाशी बोलताय? मला तिचे हात कळले नाहीत, पण तिने नंतर सांगितलं. बाईने तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. ती धाकटीच्या डोक्यावरून मागे बघत होती.

धाकटी सोफ्यावर बसली. बाईची नजर तिथेच. आमच्या डोक्यांच्या जरा वर.

"सरका की," धाकटीने मला खुणेने सांगितलं. मी डाव्या टोकाला गेलो, ती उजव्या. नजर मधोमध, आम्हा दोघांच्या मधून आरपार. सोफ्याच्या मागे हॉलचा उरलेला भाग होता. चार पावलांची मोकळी जागा, मग आतल्या खोल्यांची दारं. मी मागे वळून बघितलं. फरशी, भिंत, एक रिकामी खुंटी. काही नव्हतं. वळून पुन्हा पडद्याकडे बघितलं तर बाई हसत होती. मग तिची नजर हळूहळू डावीकडे सरकली, खिडकीपर्यंत गेली, तिथे थोडी थांबली आणि परत मधे आली. खोलीत येरझारा घालणाऱ्या माणसाकडे आपण बसल्या जागेवरून बघतो, तशी.

तेवढ्यात बायको आतून आली. "चहा घेणार का? आणि दोघं दोन टोकांना का बसलाय, भांडलात?"

बाईची नजर बायकोवर गेली नाही. बायको सोफ्यामागून चालत आली तेव्हा बाईने फक्त हात किंचित उचलून कोणाला तरी 'बाजूला हो' असं केलं. ती खूण आमच्या घरातही आहे. ती मला कळली.

मी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

बंद टीव्हीची काच आरशासारखी असते. त्यात सोफा दिसला, सोफ्यावर मी, धाकटी, चहाच्या ट्रेकडे जाणारी बायको. वरचा अर्धा भाग खिडकीच्या उजेडाने पांढरा झाला होता, त्यामुळे आमच्या डोक्यांच्या वरचं काही दिसत नव्हतं. त्या पांढऱ्याच्या खालच्या कडेला, सोफ्याच्या पाठीमागे, आम्हा दोघांच्या मधे, दोन हात होते. बारीक, बाईमाणसाचे, तपकिरी स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. ते हलत होते. सावकाश, नीट, समजावून सांगितल्यासारखे.

मी मागे वळलो नाही. धाकटी काचेत बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ती वाचत होती.

५

बाहेर चौकातल्या बाकावर बसून तिने सगळं लिहिलं. तिला किती आनंद झाला होता ते तिच्या अंगठ्यांच्या वेगावरून कळत होतं.

'सोफ्यामागे आहे तिला ऐकू येत नाही. माझ्यासारखंच. ती आपल्याकडची आहे बाबा, इथल्या लोकांच्या खुणा वेगळ्या असतात. टीव्ही बंद झाला तेव्हा ती म्हणत होती, थांब, तू परत गेलीस का? सकाळचा अर्धा तास एवढंच तिला बोलायला मिळतं.'

"ती कोण?" मी विचारलं.

'मी विचारेन.'

"विचारायचं नाही. आणि आईला काही सांगायचं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी दुसरीकडे बघितलं. ओठांवरून वाचणाऱ्या माणसाशी भांडण मिटवायचा तो सगळ्यात हलकट मार्ग आहे आणि मी तो तिच्या लहानपणापासून वापरत आलोय.

घरी आल्यावर दोघी बाजारात गेल्या. मी बाल्कनीत जाऊन पान्याने डिश सैल केली आणि तिचं तोंड खाली, रस्त्याकडे करून ठेवलं. केबलही उपटली. काम दोन मिनिटांचं. बरोबर केलं असं वाटलं. बिघाड सापडत नसेल तर जोडणी तोडायची, हेच मी शिकलो होतो.

पाचव्या सकाळी साडेआठला टीव्हीवर काही आलं नाही. मी सांगितलं, रात्री वारा होता, डिश हलली असेल. धाकटी बाल्कनीत गेली, उपटलेली केबल बघून आली. चिडली की ती फार सावकाश लिहिते.

'तिला वाक्य पूर्ण करायचं होतं. तुम्ही दुसऱ्याच्या बोलण्यात मधेच बटण कसं बंद करता?'

"तुझ्यासाठीच केलं."

'ह्या घरात पाच दिवसांत माझ्या भाषेत पूर्ण वाक्य बोलणारी ती एकटी आहे.'

तिने सोफ्यावर मांडी घातली आणि काळ्या काचेकडे तोंड करून बसली. मी दारातून बघत होतो. काच माझ्या जागेवरून तिरपी होती, त्यात मला फक्त खिडकी दिसत होती. पण धाकटीचे हात हलायला लागले. थांबले. परत हलले. ती मान डोलवत होती. मधेच हसली. तासभर ती तशी बोलत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचे भाव असे होते, जे तिने मला कधी दाखवले नव्हते. दाखवून उपयोग नव्हता म्हणून.

बायको धुतलेले कपडे घेऊन माझ्यामागे उभी राहिली. "सराव करतेय का हो ही कसला?"

"हो," मी म्हटलं.

दुपारी मी स्वतःहून विचारलं, काय बोलणं झालं. धाकटीने जरा आढेवेढे घेतले, मग लिहिलं. 'ती एकच गोष्ट विचारते. टीव्हीतली कुठे गेली. मी म्हटलं, येईल. ती म्हणाली, ती असते तोपर्यंतच मी इथे राहू शकते. तिचं लक्ष असतं म्हणून. ती नसली की जागा जाते.'

"कुणाकडे जाते?"

धाकटीने खांदे उडवले. तिलाही ते सांगितलेलं नव्हतं.

६

सहाव्या सकाळी धाकटी काचेसमोर बसली आणि दहा मिनिटांत उठली. 'नाहीये,' ती म्हणाली. तेवढी खूण मला येते. सातव्या सकाळीही नाही. दुपारी ती खोलीखोलीत फिरून आली, पडदे सरकवून बघितले. कोणी हरवलेलं माणूस शोधावं तसं. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. लिहिलं काही नाही. पाना माझ्या हातात दिला.

मी पुरते बारा तास त्या डिशमागे होतो, असं बायको सांगते. तेवढं नसेल, पण सातव्या दिवसाची संध्याकाळ आणि आठव्या दिवसाची सकाळ मी बाल्कनीतच होतो. केबल जोडली. तोंड भिंतीकडे केलं. काही नाही. पूर्वी नेमका कोन काय होता ते मी मोजलं नव्हतं, सहज सोडून दिली होती ना. आता सहज ते जमेना. बोटभर वर, बोटभर खाली. आयुष्यात एवढा जीव तोडून मी कुठलंही चॅनेल शोधलं नाही.

आमचं विमान दुपारचं होतं. किल्ली घ्यायला साडेनऊपर्यंत कोणीतरी येईल, असा निरोप होता. सामान दाराशी लागलं होतं. ते दार टीव्हीच्या बाजूलाच, सोफ्याच्या समोर. बायको आतल्या खोलीत कपाटं परत परत उघडून बघत होती. आठ चाळीसला धाकटीने हॉलमधून बाल्कनीच्या काचेवर थाप मारली.

चित्र आलं होतं.

मी आत येऊन तिच्याशेजारी बसलो. निवेदिका हवामान सांगत होती. कोपऱ्यातली बाई चौकटीत होती, पण हात खाली सोडून. शोधत होती. नजर खिडकीपाशी गेली, आतल्या दारांपाशी गेली. मग आमच्या डोक्यांच्या वर, नेहमीच्या जागी येऊन थांबली, आणि मला दिसलं की तिला कोणीतरी दिसलं.

धाकटीने माझा दंड धरून हलवला. सापडली, असं.

बाई हसली नाही. ती थोडी पुढे वाकली, नीट दिसावं म्हणून आपण वाकतो तशी. मग पहिल्यांदाच तिने नजर खाली आणली आणि सरळ धाकटीकडे बघितलं. भुवया उचलल्या. हात हलवले, घाईने, एकदा, आणि परत तेच दुसऱ्यांदा.

"काय?" मी विचारलं.

धाकटीचा हात माझ्या दंडावरून निघाला. फोन मांडीवर होता, तो तिने घेतला नाही. तिने माझ्यासाठी घरगुती खुणांत सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं एकेक करून. ती नाही. मागे. हे कोण आहे?

मी मागे बघितलं नाही. धाकटीनेही नाही. आम्ही दोघं पडद्याकडे तोंड करून बसलो होतो आणि निवेदिका सांगत होती की उद्या आकाश निरभ्र राहील.

मागे आतल्या खोलीचं दार उघडलं. बायको पर्समध्ये काहीतरी शोधत बाहेर आली असणार, कारण चेन वाजली. मग ती थांबली.

"अगं बाई, आलात का तुम्ही," ती म्हणाली. "आणि अहो, तुम्ही दोघं खुशाल पाठ करून टीव्ही बघत बसलाय. माणसाला बसा तरी म्हणायचं."

बायको आपल्याच भाषेत बोलत राहिली, परक्या देशातही ती तशीच बोलते. किल्ली ही घ्या, टेबलावर ठेवते, दूध उरलंय थोडं, गॅस बंद केलाय. मी धाकटीकडे बघितलं. तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. ज्या पोरीला ऐकू येत नाही तिने डोळे मिटले की तिच्यापुरतं सगळं बंद होतं. ती तसं कधीच करत नाही.

मी तिचं कोपर धरलं, उठलो, आणि समोर दाराकडे चाललो. सामान उचललं. टीव्ही बंद केला नाही. काच काळी झालेली मला बघायची नव्हती. पाठीमागून बायकोच्या चपला वाजत आल्या, आणि दार तिनेच ओढून घेतलं.

७

टॅक्सीत मी पुढे बसलो, दोघी मागे. पहिली दहा मिनिटं बायको माझ्यावर तोंडसुख घेत होती. शिष्टाचार, पाहुणे, लोक काय म्हणतील. मी ऐकून घेतलं. रस्ता रुंद झाला, इमारती मागे पडल्या. आरशात बघितलं तर धाकटीने डोळे उघडले होते आणि ती खिडकीबाहेर बघत होती. चेहऱ्याला रंग येत होता. मला वाटलं, संपलं.

मग मी विचारलं. विचारायला नको होतं, पण मरेपर्यंत ते माझ्या मनात तसंच राहिलं असतं. "कसे होते गं ते? किल्लीवाले?"

"मला कुठे धड दिसलं. चष्मा पर्समध्ये, पर्समध्ये तोच तर शोधत होते. उंच होते. खिडकीचा उजेड मागून." ती थोडी थांबली. "बिचाऱ्यांना बोलता येत नव्हतं वाटतं. आपल्या धाकटीसारखं. मी किल्लीचं सांगतेय, तर ते नुसते हातांनी बोलत होते. माझ्याकडे बघूनसुद्धा नाही. हिच्या पाठीकडे बघून. ही वळेल म्हणून वाट बघत असतील."

ड्रायव्हरने गिअर बदलला.

"मला कुठे कळतंय ते," बायको म्हणाली. "शाळेतल्या खुणा होत्या, हिच्या मैत्रिणी करतात तशा. पण तेच तेच परत करत होते, म्हणून लक्षात राहिलं. हिला विचारू म्हटलं."

मी मागे वळलो. तिने पर्स मांडीवरून बाजूला ठेवली, धाकटीच्या खांद्याला हात लावून तिला आपल्याकडे वळवलं, आणि दोन्ही हात वर केले. आठवून आठवून, जरा लाजत. उजवा तळहात डाव्यावरून फिरवला. बोटं मिटली. हात स्वतःच्या छातीपासून धाकटीच्या छातीपर्यंत नेला.

धाकटीने झडप घालून तिचे दोन्ही हात पकडले आणि मांडीवर दाबून धरले.

"अगं, थांब की," बायको हसत म्हणाली. "पुढे आहे अजून."

धाकटीने मान हलवली. माझ्यासाठी तिने ओठांनी एकच शब्द केला, जागा. तिचे डोळे आईच्या हातांवरून हलत नव्हते. तिने पकड सैल केली नाही, आईची बोटं पांढरी पडली, ती दुखतंय म्हणाली, तरी नाही. विमानतळ यायला अजून अर्धा तास होता. मी सीटच्या मागे हात घालून माझाही हात त्या दोघींच्या हातांवर ठेवला आणि दाबून धरला.